पटांगणावरून : सर ब्रॅडमन, डेम केली आणि आपले खाशाबा

एरवी या सदराकडे गुडघेदुखी, पोलीस भरतीचे सोळाशे मीटर आणि ‘मुलगा अभ्यास सोडून क्रिकेट खेळतो, काय करू’ असलेच प्रश्न येतात. पण 2025 मध्ये इंग्लंडचा क्रिकेटपटू जेम्स अँडरसन आणि फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम दोघेही ‘सर’ झाले, म्हणजे त्यांना तिथला राजकिताब मिळाला, तेव्हापासून टपालाचा रंगच बदलला. क्रीडाशिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन सांगलीत बसलेल्या माणसाला बकिंगहॅम राजवाड्याबद्दल विचारताय, हे गमतीचंच आहे. पण माझ्या कात्रणांच्या वह्या बऱ्याच जुन्या आहेत, तेव्हा विचारा बिनधास्त.

प्रश्न : नातू सातवीत आहे. त्याचं म्हणणं, ब्रॅडमन सर, सोबर्स सर, हॅडली सर, मग शंभर शतकं ठोकणारा आपला सचिन सर का नाही? इंग्रजांनी मुद्दाम डावललं का? मला उत्तर देता आलं नाही. (एक आजोबा, विटा)

उत्तर : रामराम. नातवाला सांगा, यात इंग्रजांचा काही दोष नाही. दार आपणच आतून लावून घेतलंय, आणि पूर्ण विचार करून लावलंय. राज्यघटनेच्या कलम 18 प्रमाणे भारताच्या नागरिकाने परक्या राज्याकडून कुठलाही किताब घ्यायचा नाही. आपल्या सरकारनेही लष्करी आणि शैक्षणिक पदव्या सोडून कुणाला किताब द्यायचा नाही. रावबहादूर, रावसाहेब आणि सर यांची खोगीरभरती ज्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, त्यांनीच हे कलम लिहिलं.

तिकडचाही एक नियम आहे. इंग्लंडचा राजा ज्या देशाचा राजा नाही, तिथल्या माणसाला हा सन्मान दिला तरी तो ‘मानद’ असतो आणि नावाआधी ‘सर’ लागत नाही. ब्राझीलच्या पेलेला 1997 मध्ये असा मानद सन्मान मिळाला, पण ‘सर पेले’ कुणी म्हटलं नाही. सोबर्सची गोष्ट वेगळी. 1975 मध्ये राणी एलिझाबेथ बार्बाडोसला गेली आणि तिथल्या गॅरिसन मैदानावर, लोकांच्या डोळ्यांसमोर, तिने त्याला नाइट केलं, म्हणजे खांद्याला तलवार लावून ‘सर’ केलं. तेव्हा बार्बाडोसची राणी तीच होती. व्हिव्ह रिचर्ड्सच्या नावामागचा ‘सर’ तर इंग्लंडचा नाहीच. तो अँटिग्वाने स्वतःच्या राष्ट्रीय सन्मानातून 1999 मध्ये दिलेला.

सचिनला ऑस्ट्रेलियाने 2012 मध्ये त्यांच्या ‘ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’चं मानद सदस्यत्व दिलं. तो किताब नव्हे, म्हणून अडचण आली नाही. 2014 मध्ये भारतरत्न मिळालं. ते मिळवणारा तो पहिलाच खेळाडू. त्याआधी 2011 मध्ये भारतरत्नाच्या नियमांत कोणत्याही क्षेत्रातलं काम बसेल असा बदल करावा लागला होता. तोवर खेळ त्या यादीत बसतच नव्हता!

आता जरा आपल्याकडे बघू. भारतरत्न, पद्म हे किताब आहेत का, असा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 1995 मध्ये निकाल लागला : हे किताब नाहीत, पुरस्कार आहेत, म्हणून घटनेच्या विरुद्ध नाहीत; मात्र ते नावाच्या आधी किंवा नंतर लावायचे नाहीत. स्टेशन चौकात सत्काराचा फ्लेक्स लागतो तेव्हा नावाआधी काय काय लावलेलं असतं ते तुम्हीही वाचता, मीही वाचतो. फ्लेक्सवाल्याला हा निकाल कोण वाचून दाखवणार?

प्रश्न : एकही भारतीय क्रिकेटपटू कधी ‘सर’ झाला नाही का? संस्थानिक सोडून सांगा. (एक क्रिकेटवेडे, मिरज)

उत्तर : संस्थानिक सोडून कसं सांगू? एक आहेत ते त्याच जातकुळीतले. विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजे विझी. 1936 च्या इंग्लंड दौऱ्यात ते भारताचे कर्णधार होते आणि त्या दौऱ्यातच त्यांना नाइटहूड मिळालं. त्यांच्या बॅटीचा हिशेब विचाराल तर तीन कसोटी, 33 धावा, सरासरी 8.25. शाळेच्या संघात मी असल्या पोराला बारावा ठेवला असता.

त्याच दौऱ्यात पहिल्या कसोटीआधी लाला अमरनाथना शिस्तभंगाच्या नावाखाली बोटीने घरी पाठवलं गेलं. फॉर्मात असलेला, भारताचं पहिलं कसोटी शतक ज्याच्या नावावर, तो खेळाडू! मालिका 2-0 अशी गेली. त्यातल्या त्यात मँचेस्टरला विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी 203 ची सलामी दिली, तेवढीच दौऱ्याची शान. मर्चंटना त्याबद्दल कुणी तलवारीने शिवलं नाही.

विझींना मान मिळाला तो धावांनी नव्हे, ओळखीपाळखींनी. व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांच्याशी त्यांचं गूळपीठ होतं. देशातल्या क्रिकेट स्पर्धेसाठी त्यांनी विलिंग्डन यांच्या नावाचा चषकही पुढे केला होता; पतियाळाच्या महाराजांनी दिलेला रणजी करंडक टिकला, तो चषक मागे पडला. हेच ते विलिंग्डन, ज्यांचं नाव आपल्या विश्रामबागच्या कॉलेजला आहे. तरुणपणी ससेक्सकडून चांगलं क्रिकेट खेळलेला माणूस होता. मी रोज सकाळी त्याच कॉलेजच्या बाजूने फिरायला जातो, आणि खरं सांगतो, तिथून जाताना मला विझींची सरासरी आठवते.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. 1947 मध्ये देश स्वतंत्र होताना त्यांनी ‘सर’ परत केलं. पुढे ते क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष झाले, रेडिओवर समालोचन केलं, आणि 1958 मध्ये पद्मभूषणही मिळालं. तेव्हा माणूस नशीबवान, दोन्ही राजवटींत.

आता सांगलीकर म्हणून जरा कॉलर ताठ करतो. विजय हजारे यांचा जन्म इथला, 1915 चा. जानेवारी 1948 मध्ये ॲडलेडला त्यांनी दोन्ही डावांत शतकं केली, 116 आणि 145. त्याच सामन्यात ब्रॅडमनने 201 केल्या आणि त्रिफळा उडवला तो हजारेंनीच. ब्रॅडमन ‘सर’ झाले त्यानंतर, 1 जानेवारी 1949 ला. हजारेंना 1960 मध्ये पद्मश्री मिळाली. त्या वर्षी ते आणि जसू पटेल, हे पद्मश्री मिळवणारे पहिले क्रिकेटपटू. बारा वर्षं गेली मधे, पण हजारे जिवंत होते आणि सत्काराचा हार त्यांच्याच गळ्यात पडला. हा मुद्दा लक्षात ठेवा, खाली कऱ्हाडच्या पत्रात लागणार आहे.

प्रश्न : मी तिरंदाजी करते, बारावीला आहे. बायकांना ‘सर’ऐवजी काय म्हणतात? त्यांच्याही खांद्यावर तलवार ठेवतात का? (एक विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : बाळ, बायकांना ‘डेम’ म्हणतात. आणि तलवार नाही ठेवत! पुरुष एका छोट्या चौरंगावर गुडघा टेकतो, राजा किंवा राजघराण्यातलं कुणीतरी आधी उजव्या आणि मग डाव्या खांद्याला तलवारीचं पातं लावतं. ‘उठा, सर अमुक’ असं सिनेमात म्हणतात तसं प्रत्यक्षात म्हणत नाहीत. डेम होणारी उभी राहते, तिला मानचिन्ह देतात, एवढंच. मला विचारशील तर हा अन्यायच. निदान तुम्हा तिरंदाजांना तरी शस्त्राचा मान हवा होता.

नाव घ्यायची रीत दोघांची सारखी. पदवी नावाला लागते, आडनावाला नाही. म्हणजे टेनिसपटू अँडी मरे हा सर अँडी, सर मरे नव्हे. डेम केली, डेम होम्स नव्हे. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी हे कधी पाळलं नाही, आणि मीही वर ‘सर ब्रॅडमन’ असंच लिहिलंय, कारण सर डोनाल्ड म्हटलं तर विट्याच्या आजोबांना कोण ते कळायचं नाही.

केली होम्सने 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये 800 आणि 1500 मीटर दोन्ही जिंकल्या आणि 2005 मध्ये ती डेम झाली. एलन मॅकआर्थर त्याच वर्षी एकटीने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आली, 71 दिवस आणि काही तासांत, तेव्हाचा विक्रम. तिने किनारा गाठला आणि लगेच डेमपद जाहीर झालं. ॲथलीट जेसिका एनिस-हिल 2017 ची डेम. न्यूझीलंडची गोळाफेकपटू व्हॅलरी ॲडम्स हीसुद्धा डेम. न्यूझीलंडने हे किताब 2000 मध्ये बंद केले होते आणि 2009 मध्ये परत आणले. ऑस्ट्रेलियानेही 2014 मध्ये परत आणले, पण राणीच्या नवऱ्यालाच ‘सर’ केल्यावर एवढं हसं झालं की 2015 मध्ये गुंडाळले.

अजून एक वाकडी रीत ऐक. ‘सर’ची बायको आपोआप ‘लेडी’ होते. डेमच्या नवऱ्याला काही मिळत नाही. लॉरा आणि जेसन केनी या सायकलपटू जोडप्याने हा प्रश्नच मिटवला. 2022 च्या यादीत ती डेम आणि तो सर.

तुझ्या गावच्या अदिती स्वामीने 2023 मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी जागतिक विजेतेपद मिळवलं आणि त्याच सालचा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. एका वर्षाच्या आत! असं व्हायला हवं. तू बारावीचा अभ्यास मात्र सोडू नकोस.

प्रश्न : रवींद्र जडेजाला ‘सर’ कुणी केलं? (एक वाचक, इस्लामपूर)

उत्तर : समाजमाध्यमांनी. धोनीने 2013 मध्ये त्यावर विनोद केले आणि ते पसरले. राजवाड्याचा संबंध नाही. रणजीत मात्र त्याने त्रिशतकं केली आहेत, तेव्हा चेष्टेलाही थोडा आधार आहे.

प्रश्न : आमच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1952 चं कांस्यपदक. जिवंतपणी सरकारने काय दिलं? इंग्लंडमध्ये जन्मले असते तर सर खाशाबा झाले असते की नाही, प्रामाणिकपणे सांगा. (एक जुना मल्ल, कऱ्हाड)

उत्तर : वस्ताद, प्रामाणिकपणे सांगतो. कदाचित झाले नसते. इंग्लंडचं ताटही तुम्ही समजता तेवढं सरळ वाढलेलं नसतं.

आधी खाशाबांचं. 1948 ला लंडनमध्ये सहावे. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन ते परत आले तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. दुसरं वैयक्तिक पदक यायला 1996 उजाडावं लागलं, लिएंडर पेसचं. मधली 44 वर्षं देशात एकच नाव होतं, आणि तो माणूस पोलीस खात्यात नोकरी करत होता. 1984 मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2000 सालचा, मरणोत्तर. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातल्या कुस्तीच्या स्टेडियमला 2010 मध्ये त्यांचं नाव दिलं. पद्म पुरस्कार नाहीच. गेल्यावर स्टेडियमला नाव देणं सोपं असतं, पेन्शन लागत नाही.

आता इंग्लंड. हॅरॉल्ड लारवूड घ्या. खाणकामगाराचा पोरगा. 1932-33 च्या बॉडीलाइन मालिकेत कर्णधार जार्डिनच्या हुकमावरून आखूड चेंडू टाकले, 33 बळी घेतले, मालिका जिंकून दिली. वादंग उठल्यावर तोंडघशी पडला तोच. पुन्हा कसोटी खेळला नाही, शेवटी ऑस्ट्रेलियातच जाऊन राहिला. त्याला सरकारी मान मिळाला 1993 मध्ये, तोही एमबीई, म्हणजे नाइटहूडच्या बऱ्याच पायऱ्या खाली. वय तेव्हा 88.

बॉबी मूर घ्या. फुटबॉल विश्वचषक इंग्लंडने एकदाच, 1966 मध्ये जिंकला, त्याचा हा कर्णधार. प्रशिक्षक ॲल्फ रॅम्सी 1967 मध्ये सर. अंतिम सामन्यात तीन गोल करणारा जेफ हर्स्ट 1998 मध्ये सर. मूर 1993 मध्ये 51 व्या वर्षी कर्करोगाने गेला, ‘सर’ न होता. आणि त्यांच्याकडे नाइटहूड मरणोत्तर देतच नाहीत. आपल्याकडे पद्म सहसा मरणोत्तर देत नाहीत, पण अगदी योग्य माणसासाठी देता येतो. तेव्हा खाशाबांच्या बाबतीत दार अजून पूर्ण बंद झालेलं नाही, हे तुमच्या तालमीत सांगा.

तेन्सिंगचं तर तुम्हाला माहीतच असेल. 1953 मध्ये दोघे एका दोरीला बांधून एव्हरेस्टवर गेले. हिलरी सर झाला, शिखरावर न गेलेले मोहिमेचे प्रमुख हंट सर झाले, तेन्सिंगला जॉर्ज मेडल. कारणांवर आजही वाद होतात, त्यात मी पडत नाही. त्याच वर्षी राणीच्या राज्याभिषेकाच्या सन्मान यादीत जॅक हॉब्ज होते, पहिले व्यावसायिक क्रिकेटपटू ‘सर’. वय 70. बॅट ठेवून कितीतरी वर्षं झालेली. त्याआधी क्रिकेटसाठीचं पहिलंच नाइटहूड 1926 मध्ये कुणाला दिलं होतं, ठाऊक आहे? एमसीसी, म्हणजे लॉर्ड्सच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबचे सचिव फ्रान्सिस लेसी. म्हणजे खेळणाऱ्याआधी कचेरीतल्याला. हे वाचून आपल्याकडच्या कुस्ती संघटनांतली काही मंडळी खूश होतील.

पण त्यांची दुसरी बाजूही मी लपवणार नाही. फुटबॉलपटू स्टॅन्ली मॅथ्यूज 1965 मध्ये सर झाला तेव्हा खेळत होता. पन्नाशीत, बूट घालून! न्यूझीलंडचा गोलंदाज रिचर्ड हॅडली याला 1990 मध्ये किताब जाहीर झाला आणि तो इंग्लंडमध्येच कसोटी खेळत होता. त्याच वर्षी आपल्या संजय मांजरेकरला बाद करून त्याने चारशेवा बळी घेतला होता. जुलैत कसोटीतल्या आपल्या शेवटच्या चेंडूवरही बळी घेऊन तो निवृत्त झाला. अँडी मरे 29 व्या वर्षी. काही लोक म्हणतात हे फार लवकर होतं, पुढे खेळाडू घसरला तर काय? मला हे पटत नाही. घसरला तर घसरला, जिंकलेलं परत जात नाही. मोटारशर्यतीतला लुईस हॅमिल्टन डिसेंबर 2021 मध्ये अबुधाबीला शेवटच्या फेरीत विजेतेपद गमावून बसला आणि तीनच दिवसांत विंडसरला जाऊन गुडघा टेकून सर झाला. काय बिघडलं?

किताब की पुरस्कार, तलवार की शाल, हा वाद मला दुय्यम वाटतो. आपण किताब दिले नाहीत ते बरोबरच केलं. माझा राग आहे तो तारखेवर. पदकाची तारीख आणि सन्मानाची तारीख यांत माणसाचं आयुष्य संपतं, हे कुठल्या कलमात लिहिलंय?

प्रश्न : आमच्या तालुक्यात एक वस्ताद आहेत. स्वतः फार मोठं काही जिंकले नाहीत, पण पोरं घडवली. अशांना काही मिळतं का? गावाने अर्ज करायचा तर कसा? (तरुण मंडळ, आटपाडी परिसर)

उत्तर : पोरांनो, या महिन्यातलं सर्वांत कामाचं पत्र तुमचं.

मिळतं. ब्रिटिशांच्या यादीत लिहिलेलं असतं ‘खेळाच्या सेवेसाठी’, ‘पदकासाठी’ असं नाही. रॉजर बॅनिस्टरने 1954 मध्ये चार मिनिटांच्या आत मैल धावून दाखवला, पण तो सर झाला 1975 मध्ये, क्रीडा परिषदेचं अध्यक्षपद सांभाळल्यानंतर. लुडविग गुटमन हे तर डॉक्टर. स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांना खेळायला लावलं, त्यातून पॅरालिंपिक उभं राहिलं. 1966 मध्ये सर झाले.

त्या पॅरालिंपिकचं फळ आपल्या जिल्ह्यातही आहे. इस्लामपूरजवळच्या पेठचे मुरलीकांत पेटकर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेले जवान, 1972 मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. वजाबाकी तुम्हीच करा. आणि तुमच्याच आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी, 2024 ला पॅरिसमध्ये गोळाफेकीत रौप्य, आणि त्याच सालचा अर्जुन. म्हणजे सुधारणा आहे. पण ती खेळाडूंच्या बाबतीत, वस्तादांची रांग अजून लांब आहे.

पद्मसाठी कुणीही नागरिक कुणाचंही नाव सुचवू शकतो, स्वतःचंसुद्धा. इंग्लंडमध्ये स्वतःचं चालत नाही. अर्ज केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, मुदत 2024 पर्यंत साधारण 15 सप्टेंबर असे, 2025 मध्ये ती आधी 31 जुलै ठरली होती; त्या वर्षीची सूचना बघून घ्या. वस्ताद सरकारी नोकरीत असतील तर निवृत्तीपर्यंत थांबावं लागेल, नोकरीत असताना पद्म मिळण्याची सवलत फक्त डॉक्टर आणि शास्त्रज्ञांना आहे. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कारही आहे, 1985 पासूनचा, त्याची वाट वेगळी.

अर्जात कामाचं वर्णन जास्तीत जास्त 800 शब्दांत द्यायचं असतं. इथेच गावं फसतात. ‘तालुक्याचं भूषण’, ‘कुस्तीतला देवमाणूस’ यातच तीनशे शब्द संपवतात. त्याऐवजी तालमीची हजेरीवही काढा. कोणत्या साली कोणता पोरगा आला, कुठल्या गटात खेळला, जिल्हा, राज्य, राष्ट्रीय कुठवर गेला, आज काय करतो, ते लिहा. तालीम कुणाच्या जागेत चालते, खुराकाचा खर्च कुणी केला, मुलींना कोणत्या वर्षापासून घेतलं, तेही. जुनी कात्रणं पिवळी पडली असतील तर उन्हात धरू नका, आधी फोटो काढा. आणि वस्तादांना विचारल्याशिवाय त्यांचं वय लिहू नका. या पिढीचे शाळेतले आणि घरचे वाढदिवस जुळत नाहीत.

मसुदा आधी मराठीत लिहा आणि मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावे धाडा. लाल पेनने तपासून परत पाठवतो. विशेषणं खोडीन, राग मानू नका. इंग्रजी करायला गावातली कॉलेजची पोरं आहेतच. मुदतीच्या बरंच आधी पाठवलंत तर बरं, पोस्ट आणि मी, दोघेही सावकाश चालतो.